आठवड्याची पाटी

एकतीस तारीख. बारा वाजता चाव्या द्यायच्या.
सकाळपासून भिंतीतली भोकं बुजवतेय,
वाटीत पुट्टी, हातात लोणी लावायची जुनी सुरी.
हे घड्याळाचं. हे कॅलेंडरचं,
बेकरीवाला दर नाताळात फुकट द्यायचा ते.
आणि हे, पलंगाच्या वरचं.
खिळा ठोकताना हेल्मुटने अंगठा ठेचून घेतला
आणि मग तिथे काहीच टांगलं नाही
तेवीस वर्षं.

करारात लिहिलंय, घर जसं घेतलं तसं परत करावं.
जसं घेतलं तसं?
घेतलं तेव्हा मी चाळिशीत होते.

स्टुटगार्टच्या या चढावर, आमच्या जिन्यात
एक लाकडी पाटी फिरते,
दर सोमवारी या दाराच्या मुठीवरून त्या दाराच्या.
ज्याच्या दारी पाटी, त्याने आठवडाभर
जिना झाडायचा, कठडा पुसायचा,
बर्फ पडलं तर सातच्या आत फुटपाथ मोकळा करायचा.
तळमजल्याच्या फ्राउ हेबर्ले
नुसत्या नजरेने धूळ मोजतात.
मालकाचं दार या जिन्यात नाही,
त्यामुळे पाटी त्याच्याकडे जात नाही.

तेस्फालेम एरिट्रियाहून आला, माझ्या वरच्या मजल्यावर.
पहिल्यांदा दाराला पाटी दिसली तेव्हा
त्याला वाटलं, नोटीसच आली घर सोडायची.
रात्री दहाला माझ्या दारात उभा,
पाटी दोन्ही हातांत, भरल्या ताटासारखी धरलेली.
"आमचं काय चुकलं?"
काही नाही, म्हटलं. तू आता इथला झालास.
आणि झाडू दिला.

मग तो जानेवारी. रेडिएटर गार पडले.
मालकाला फोन लावला की नुसतं संगीत वाजायचं.
वर पोरं टोप्या घालून झोपत होती
आणि तेस्फालेम म्हणत होता, नको, तक्रार नको,
आवाज केला की बिऱ्हाड पाठीवर येतं.
विंचवाचं येतं, म्हटलं. त्याच्याकडे करार नसतो.
तुझा आण.

स्वयंपाकघराच्या टेबलावर कलम-कलम वाचला,
मी बोट ठेवत, त्याची थोरली अर्थ सांगत.
वहीत तारखा घातल्या. सकाळी अकरा अंश, संध्याकाळी तेरा.
असे नऊ दिवस.
भाडेकरू संघातल्या बाईंनी पत्र तपासलं,
"विनंती" खोडून "मागणी" केलं,
आणि गरम होईपर्यंत भाडं किती कमी द्यायचं
तेही हिशोबाने मांडून दिलं. बंद नाही करायचं, कमी.
पहिली सही फ्राउ हेबर्लेंची, अक्षर थरथरतं, ठसठशीत.
दहाव्या दिवशी दोन माणसं पाना घेऊन आली.

त्याच महिन्यात तेस्फालेमकडून जिना राहून गेला.
रात्रपाळी होती, ठाऊक होतं मला.
तरी सोमवारी पाटी परत त्याच्याच मुठीला अडकवली.
दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी जिन्यात लिंबाचा वास.

बाराला दहा कमी. हेर डीट्ल आलाय,
मालकाचा माणूस, पोरगेलाच, हातात टॅब.
उंबरठ्याबाहेरून विचारतो, "आत येऊ?"
विचारायलाच हवं. अजून दहा मिनिटं घर माझं आहे.
न्हाणीघरातली ओल बघून भुवया चढवतो.
ती तुमची, म्हणते मी, ही तीन पत्रांची प्रत.
फरशीवरचा ओरखडा?
तो माझा. कपाट एकटीने ओढलं होतं. लिहा.
पलंगावरचं भोक?
तेही लिहा. पुट्टी संपली.
(वाटीत अजून बोटभर आहे.)

चाव्या चार. सही. अनामत पुढे कळवू, म्हणतो.
लेखी कळवा, म्हणते.

मग बादली उचलून मी वरपासून जिना पुसत उतरते.
तो वळून बघतो, "आता तुम्ही इथे राहत नाही ना?"
पण आज गुरुवार. पाटी रविवारपर्यंत माझी.

उरलेले तीन दिवस कुणाचे,
हे करारात कुठेच नाही.
उतरण्याआधी पाटी तेस्फालेमच्या दाराला लावून आले.
संध्याकाळी फोन करेल, भांडेल,
म्हणेल, माझा आठवडा सोमवारपासून.
बरोबरच आहे त्याचं.